मे महिन्यातला गोवा, दोन मुलं आणि आजोबांचा गुडघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून स्वतःच्या गाडीने येणार, 10 ते 15 मे, पाच रात्री. माणसं सहा. तुम्ही दोघं, चौथी झालेली मुलगी, सातवी झालेला मुलगा आणि तुमचे आई-वडील. त्यात वडिलांचा एक गुडघा दुखरा. ‘नुसते बीच नकोत, मुलांना मोकळ्या हवेत काही बघायला-शिकायला मिळावं’ असं लिहून तुम्ही खाली बावीस ठिकाणांची यादी जोडलीत. यातली कुठली ठेवू, कुठली गाळू, आणि मुक्काम उत्तरेला करू की दक्षिणेला, एवढंच विचारलंत.

मी फोंड्याजवळ राहते. शाळांच्या सहली आणि सुट्टीत येणारी कुटुंबं यांना जंगलात, देवळांत, मिठागरांत फिरवणं हे माझं काम. यादीतलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. अडचण तासांची आहे. मे महिन्यात गोव्यात बाहेर फिरण्याजोगे तास दिवसाला जेमतेम सहा. पहाटे साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते अंधार पडेपर्यंत. सांगलीकरांना चौतीस अंश म्हणजे गंमत वाटेल, तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो हे मला माहीत आहे. पण तुमचं ऊन कोरडं असतं. इथे घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंडच होत नाही आणि अकरा वाजता मुलं चिडचिड करायला लागतात, आजी गप्प होतात. त्यानंतर तुम्ही कितीही भारी ठिकाणी न्या, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून बावीसातली किती ‘करायची’ हा हिशोब सोडा. पाच सकाळी आणि पाच संध्याकाळी एवढीच तुमची खरी पुंजी आहे, त्यातही पहिली सकाळ प्रवासात जाणार.

दुसरं असं, की लोक मे महिन्याचा गोवा म्हणजे डिसेंबरच्या गोव्याची घामट आवृत्ती समजतात आणि डिसेंबरच्याच याद्या घेऊन येतात. दूधसागर हे त्याचं ठळक उदाहरण. धबधबा तीनशे मीटरहून उंच, फोटो पाहून सगळ्यांना हवाच असतो. मे महिन्यात तिथे पाण्याच्या चार-दोन धारा उरतात, कुळेहून जीपने जंगलातल्या दगडगोट्यांच्या वाटेवरून जायचं, आणि शेवटी पुन्हा पायी चढ-उतार. तुमच्या वडिलांच्या गुडघ्याला आणि कंबरेला ही शिक्षा कशाला? गाळा. सलीम अली पक्षी अभयारण्यातले परदेशी पाहुणेही तोवर परत गेलेले असतात. पण याच महिन्यात इथे अशा काही गोष्टी दिसतात ज्या डिसेंबरात दिसणार नाहीत: भर हंगामातली मिठागरं, काजूची भट्टी, नदीचं पाणी उतरल्यामुळे उघडी पडलेली कातळशिल्पं. मी असते तर सहल यांच्याभोवती बांधली असती.

मुक्कामाबद्दल. उत्तर की दक्षिण या वादात पडूच नका, दोन मुक्काम करा. पहिल्या तीन रात्री फोंडा परिसरात आणि पुढच्या दोन काणकोणात, समुद्राजवळ. फोंडा म्हणजे गोव्याचा जवळजवळ मध्य. देवळं, कुळागरं (पोफळी-मसाल्यांच्या बागा), जुनं गोवें, सत्तरीकडची जंगलं सगळं तासाभराच्या आत-बाहेर. शाकाहारी जेवणाचीही ददात नाही. समुद्र मात्र इथे नाही, आणि मुलांना तीन दिवस समुद्राशिवाय ठेवणं हे काम धीराचं आहे, हे मान्य. पण समुद्र आधी दाखवलात तर नंतर ती दुसरं काही बघायला तयार होत नाहीत. म्हणून समुद्र शेवटी. खोल्यांना वातानुकूलन आहे का आणि वीज गेली तर सोय काय, हे आधी विचारा; मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि मग बत्ती गुल.

सांगलीहून बेळगाव आणि तिथून चोर्ला घाट उतरलात की पाच-सहा तासांत फोंडा. निघताना उजाडायच्या आत निघा. त्या दिवशी दुपारी फक्त झोप. संध्याकाळी मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. तुम्ही देवदर्शन वेगळं लिहिलं होतंत आणि शिकण्याची ठिकाणं वेगळी. मी ती एकत्र करीन. मुलांना तिथे एकच प्रश्न घाला: गोव्यातली एवढी मोठमोठी देवळं एकट्या फोंडा भागातच का दाटली आहेत? उत्तर इतिहासात आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी, बार्देश पोर्तुगीजांकडे होते आणि तिथली देवळं पाडली जात होती. नदीपलीकडचा अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा, आदिलशाहीत होता. मग कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा असे देव लोकांनी रातोरात नदी ओलांडून इकडे आणले. पोर्तुगीज या भागात आले ते अठराव्या शतकात, तोवर त्यांचा पहिला जोर ओसरला होता. देवळात शिरताना गुडघे-खांदे झाकलेले असू द्या, पुष्कळ देवस्थानांत यावर अडवतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी सुर्ला. फोंड्याहून तासाभराचा रस्ता, शेवटचा टप्पा भगवान महावीर अभयारण्याच्या जंगलातून. महादेवाचं हे छोटं देऊळ कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. जंगलाच्या पोटात होतं म्हणूनच वाचलं असावं. गाडीतळापासून वाट बऱ्यापैकी सपाट आहे, आजोबांना जमेल. आत गेल्यावर खांबांच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं एक शिल्प आहे, ते मुलांना शोधायला सांगा, तुम्ही दाखवू नका. मग दुसरं काम: देवळाच्या दगडाला हात लावून पाहायचा, आणि येताना रस्त्यात दिसलेली घरं, कुंपणं, विहिरी कशाच्या आहेत ते आठवायचं. घरं तांबड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, देऊळ काळ्या दगडाचं. हा काळा दगड घाटावरून आणला असं मानतात. सांगलीच्या मुलांना काळा पाषाण रोजचा आहे, त्यांना नवल चिऱ्याचं वाटलं पाहिजे. खाणीतून काढताना चिरा कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. ही एवढी गोष्ट मुलांच्या डोक्यात बसली, की पुढचे चार दिवस ती आपणहून दगड तपासत फिरतात. तुम्हाला गाईडगिरी करावी लागत नाही.

तिथून साडेनऊला निघून साडेदहा-अकराला सावईवेरे, केरी किंवा कुर्टीकडच्या एखाद्या कुळागरात. दुपारच्या तोंडावर बाहेर काय, असं वाटेल. पण कुळागर हा या नियमाला अपवाद. डोंगराच्या कुशीतली ही बाग मजल्यामजल्यांची असते: वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरवेल, खाली जायफळ, दालचिनी, केळी, जमिनीलगत वेलची, अननस, हळद. उन्हाचा कवडसा खाली पोचेपर्यंत मऊ झालेला असतो आणि पाटाचं पाणी वाहत असतं, त्यामुळे भर दुपारी इथे सावलीत निवांत हिंडता येतं. पर्यटकांसाठी चालवलेल्या बागांत फेरीनंतर केळीच्या पानावर जेवण मिळतं. पोफळीवर चढलेला गडी खाली न उतरता झाड झोकून शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडतो आणि सरळ तिच्यावर जातो. हे मुलांना दाखवायला सांगा. तुमच्या मुलाला व्हॅनिलाचा वेल दाखवा. या वेलाचे नैसर्गिक परागसिंचन करणारे कीटक राहिले मेक्सिकोकडे, म्हणून इथे प्रत्येक फूल उमलल्या सकाळीच माणसाने हाताने, काडीने फळवावं लागतं. आइस्क्रीमचा भाव त्याला तिथे समजेल. आजींना बहुधा कुणाच्या सांगण्याची गरज पडणार नाही. मसाल्याच्या बागेत आजी हीच खरी मार्गदर्शक असते, तिला बोलतं करा.

काजूचं मात्र नशिबावर आहे. हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि मेच्या मध्याला आटोपत येतो. सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत डोंगराच्या कडेला भट्ट्या असतात. तुमच्या यजमानाला आधी विचारून ठेवा, चालू असेल तर जरूर जा. बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळं, चिरडून, पिळून काढलेला रस आंबवतात, मग तो ‘भाण’ नावाच्या मोठ्या भांड्यात उकळतात, वाफ थंड होऊन दुसऱ्या भांड्यात थेंबथेंब पडते. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. सातवीच्या पुस्तकात ऊर्ध्वपातनाची जी स्वच्छ आकृती असते ती इथे धुराने काळी झालेली आणि वासाची असते. काहींना मुलांना दारूच्या भट्टीवर न्यायचं म्हटलं की कसंसंच होतं, तुमचा निर्णय. मला त्यात रसायनशास्त्र आणि पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या एका झाडाचा इतिहास दिसतो. निरो, म्हणजे बोंडूचा ताजा, न आंबलेला रस, मिळाला तर मुलांनाही पाजता येतो, मात्र तो तिथल्या तिथे प्यायचा. उन्हात दोन-चार तासांत आंबायला लागतो, बाटलीत भरून गाडीत ठेवायची वस्तू नाही ती.

तिसरा दिवस माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि तुमच्या यादीत तो अर्धाच होता. तुम्ही जुनं गोवें लिहिलंत. मी म्हणते तिथून पुढे नदी ओलांडा.

सकाळी आठच्या सुमारास जुन्या गोव्यात पोचा. बॉम जेझुस चर्चचं काम 1594 मध्ये सुरू झालं आणि 1605 मध्ये ते पवित्र करण्यात आलं. समोर से कॅथेड्रल, पलीकडे टेकाडावर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा. सगळी चर्च आतून बघायची गरज नाही, दोन पुरेत. बॉम जेझुस बाहेरून चिऱ्याची तांबडी दिसते आणि बाकीची पांढरी, हे मुलांनी पाहिलं का बघा. पूर्वी तीही चुन्याने लिंपलेली होती, 1950 च्या दशकात गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून पाऊस चिरा खातोय. आदल्या दिवशी काळ्या दगडाचा धडा झालेली मुलं इथे स्वतःहून ‘मग पुन्हा चुना का लावत नाहीत?’ असं विचारतात. चांगला प्रश्न आहे, मोठी माणसंही त्यावर भांडतात. ऑगस्टीनच्या टेकाडावर आजोबांना नेऊ नका; ते आणि आजी बागेत बसतील. रविवारी सकाळी प्रार्थना असतात आणि पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद, तेवढं बघून वार ठरवा.

मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर जाऊन दिवाडी बेटाची फेरी पकडा. गाडी फेरीवर चढते, नाममात्र पैसे पडतात. मुलांसाठी ही दहा मिनिटं कुठल्याही क्रूझपेक्षा भारी, आणि क्रूझवरची कर्कश गाणी नाहीत. दिवाडीत शेतं, जुनी घरं, टेकडीवरचं चर्च बघत बेटाच्या दुसऱ्या टोकाला जा, तिथून दुसरी फेरी नार्व्याला. पलीकडे डिचोली तालुका आणि सप्तकोटेश्वर.

हा देव कदंबांचा. त्याचं मूळ देऊळ तुम्ही आत्ताच ओलांडलेल्या दिवाडीत होतं. ते उद्ध्वस्त झालं, देव नदीपार नार्व्याला आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. दरवाजावर त्याचा शिलालेख आहे. अलीकडे सरकारने देवळाची डागडुजी केली, फेब्रुवारी 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. तुमच्या मुलीने चौथीच्या वर्षात शिवरायांचा इतिहास शिकलाय. रायगड-प्रतापगडाबाहेर, इतक्या आडबाजूला, त्यांचं नाव दगडात कोरलेलं बोटाने दाखवता येणं याचं मोल तिला बरोबर कळेल. गर्दी जवळजवळ नसते. परत येताना आमोण्याचा पूल ओलांडून माशेलला या. तिथे देवकीकृष्णाचं देऊळ आहे. बाळकृष्ण यशोदेजवळ नाही, देवकीजवळ; आणि हाही देव चोडण बेटावरून हललेला. मंगेशीपाशी घातलेल्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी आता स्वतःच्या गाडीने, दोन फेऱ्या बदलून अनुभवलेलं असतं. बारा-साडेबाराला घरी. जेवण, झोप.

त्या संध्याकाळी शिरदोण किंवा नेरूलचं मिठागर बघा. भरतीचं खारं पाणी बांधाच्या दारातून आत घेतात. या दाराला इथे ‘मानस’ म्हणतात. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीचा, सगळा खेळ या मानशीच्या उघड-झापीवर चालतो. मग पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत घट्ट करत नेतात. शेवटच्या खाचरांची जमीन पायांनी आणि फळ्यांनी ठोकून फरशीसारखी केलेली असते. ऊन कलायला लागलं की आगरी लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ अलगद कडेला ओढतो. जोर जास्त लागला तर खालची माती वर येते आणि मीठ काळं पडतं. मुलांनी जीभ लावून पहिल्या आणि शेवटच्या खाचराचं पाणी चाखावं, बस्स, तासभर पुरतं. दोन अटी: मालकाला विचारल्याशिवाय बांधावर पाय ठेवायचा नाही, आणि आदल्या दिवशी वळीव पडला असेल तर जायचं नाही. एक मोठी सर आली की पिकत आलेलं मीठ विरघळतं आणि त्या माणसांच्या तोंडाला चव नसते. तेव्हा पाहुणे नकोत. मग त्याऐवजी चोडणला सलीम अलीच्या खारफुटीत जा. पक्षी कमी असतील, पण ओहोटीच्या चिखलात निवट्या पाहा. मासा असून कल्ल्याजवळच्या परांवर रेलून चिखलात टुणटुण उड्या मारणारी निवटी दिसली की पक्ष्यांची आठवण कुणी काढत नाही.

ओहोटीचा विषय निघालाच आहे तर आजोबांना कामाला लावा. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण कामचलाऊ अंदाज पक्का मिळतो. वडिलांना तिथी सांगायला लावा, मुलाला गणित करू द्या, आणि किनाऱ्यावर जाऊन पडताळून पाहू द्या. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढे का सरकते, हे त्याला दोन दिवसांत चंद्राकडे बघून कळेल. द्वितीया-तृतीयेच्या आसपास सकाळी साडेसात-आठला ओहोटी मिळते आणि ती मोठी असते, खडकांतली डबकी बघायला सगळ्यात सोयीची. तुमच्या तारखांना कुठल्या तिथ्या येतात ते कॅलेंडरात पाहून काणकोणातल्या दोन दिवसांची आखणी करा.

चौथ्या दिवशी सामान आवरून साडेसहाला फोंडा सोडायचा. जायचंय काणकोणला, पण सरळ न जाता रिवणवरून. उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी चिऱ्याच्या सपाट कातळावर शंभरहून जास्त चित्रं कोरलेली आहेत: वशिंडाचे बैल, हरणं, माणसं, आणि एक मोठा गोल चक्रव्यूह. मध्याश्मयुगातली असावीत असं अनेक अभ्यासक मानतात, काळाबद्दल वाद आहेत. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांची बातमी तुम्ही वाचली असेल. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2022 मध्ये कोकणातली जी स्थळं गेली त्यात गोव्यातलं हे एक आहे. इथे पोचायची वेळ फार महत्त्वाची. साडेआठपर्यंत ऊन तिरपं असतं तोवर रेषांत सावली भरते आणि बैल उठून दिसतो. अकरा वाजता त्याच कातळावर उभं राहिलात तर काहीच दिसत नाही, पाय मात्र भाजतात. पावसाळ्यात हा सगळा भाग पुराच्या गाळाखाली जातो, म्हणून मे महिना उत्तम. कोरीवकामावर चढायचं नाही, खडूने रेषा भरायच्या नाहीत. गाडीपासून थोडं उतरून चालावं लागतं, वाट खडबडीत आहे. आजोबांनी काठी घेऊन हळूहळू यावं किंवा सावलीत थांबावं. वर पाणी किंवा चहा मिळेल या भरवशावर राहू नका.

तिथून नेत्रावळीच्या गोपीनाथाच्या तळीवर अर्धा तास. पाण्याच्या तळातून सतत बुडबुडे वर येतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात असं गावात सांगतात. मुलांना टाळ्या वाजवून आणि न वाजवता मोजू द्या. विज्ञानाचा प्रयोग म्हणजे काय, ते भाषणाशिवाय कळतं. मग केपे-बाळ्ळीमार्गे काणकोण, जेवायला उशीर होईल, डब्यात काही असू द्या.

काणकोणचं मी फार लांबवत नाही. पाळोळेचा किनारा अर्धवर्तुळाकार, आडोशाचा, लहान मुलांना बरा. मेच्या मध्याला तिथल्या झोपड्या काढायला सुरुवात झालेली असते, म्हणून पक्क्या बांधकामातली खोली घ्या. पाण्यात सकाळीच जा. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उंचावतात. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय नाही, आणि ते घरी गेल्यावर तर नाहीच. मुलांना पोहता येतं की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत; येत असलं तरी तलावातलं पोहणं आणि समुद्रातलं पोहणं यांत फरक असतो. पहाटे कुठे रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर मुलांनाही दोरीला हात लावू द्या, कोणी नाही म्हणत नाही. गालजीबाग आणि आगोंद इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वनखात्याचे लोक कुंपण घालून राखतात. विणीचा हंगाम तोवर सरलेला असतो, पण शेवटची काही घरटी फुटायची राहिली असतील तर नशीब. उरलेल्या एका संध्याकाळी खोतीगाव अभयारण्य की काब द रामचा किल्ला, असं विचाराल तर आजोबांमुळे किल्ला. थोडं चाललं की दगडावर बसून समुद्र बघता येतो.

मुलाला विमानांचं वेड आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वेड खरंच असेल तर बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय मिठागराऐवजी घ्या, सोमवार टाळून. पण दोन्ही एका दिवसात कोंबू नका. रेइश मागुशचा किल्ला, आग्वाद, चापोरा, मोले, बोंडला, हाउझिस ऑफ गोवा: हे सगळं उत्तम आहे आणि पुढच्या वेळी आहे. मिरामारचं विज्ञान केंद्र तेवढं हाताशी ठेवा, एखाद्या दिवशी पाऊस कोसळला तर. आणि पावसाचं सांगता येत नाही. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण 2025 साली मेच्या शेवटच्या आठवड्यातच दाखल झाला होता. तुमच्या तारखांना वळिवापलीकडे काही व्हायची शक्यता कमी, तरी काणकोणची खोली रद्द करता येण्यासारखी घ्या.

एक सूचना गंमत म्हणून. वास्कोहून दुपारी सुटणारी गोवा एक्स्प्रेस मडगाव, कुळेवरून ब्रागांझा घाट चढते, उजेडात, आणि मिरजेला जाते. दूधसागर गाळला म्हणून मुलगा रुसला तर त्याला आणि आजोबांना शेवटच्या दिवशी मडगावला त्या गाडीत बसवून द्या. बोगदे, दऱ्या आणि कोरडा का होईना पण समोरून जाणारा धबधबा, गुडघ्याला त्रास न देता. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात लगेच भरतं. वेळा तेव्हाच्या वेळापत्रकात तपासा.

तुम्ही बाकीचे चोर्ल्यानेच परत या. मडगावला कुणाला सोडायचं नसेल आणि काणकोणहून पहाटे पाचला निघालात तर घाट उन्हाच्या आत चढून होतो. मानकुराद आंबे घ्यायचे असतील तर वाटेत फोंड्याच्या बाजारात घ्या, थोडे कच्चेच बघून. भाव ऐकून दचकू नका आणि घासाघीस जरूर करा. पेटी डिकीत ठेवू नका, तिथे आंबे शिजतात. मागच्या सीटखाली, पायाशी ठेवा.